बुरशीच्या हातची चांदी

बऱ्हाणपूरला चांदीचा धागा नवा नाही. सतराव्या शतकात झ्याँ बाप्तिस्त ताव्हेर्निये हा फ्रेंच जवाहिऱ्या या शहरातून गेला, तेव्हा इथलं तलम सुती कापड इराण, तुर्कस्तान, रशिया, पोलंड, अरबस्तान आणि कैरोपर्यंत जात असल्याची नोंद त्याने करून ठेवली. त्यातल्या उंची कापडात सोन्या-चांदीची तार विणलेली असे. तार काढण्याची रीत अशी : चांदीची कांब पोलादी पट्टीतल्या भोकातून ओढायची, मग त्याहून लहान भोकातून, मग त्याहूनही लहान. ओढता ओढता कांबेची तार होते आणि तार केसासारखी बारीक होते. ती चेपली की बादला होतो आणि बादला रेशमी धाग्यावर गुंडाळला की कलाबतू.

ही चांदी आणखी किती बारीक करता येईल? आपल्या केसाची जाडी साधारण 80,000 ते 1,00,000 नॅनोमीटर असते. समजा, आपल्याला 10 नॅनोमीटरचा चांदीचा कण हवा आहे. तेवढं भोक पाडणारं हत्यार कोणत्याच कारागिराकडे नाही. मग वाट उलटी धरावी लागते. कांब ओढून लहान करण्याऐवजी चांदीचे सुटे अणू एकत्र आणून कण बांधत न्यायचा. या उलट्या वाटेने जाणारा एक कारागीर पुण्याच्या प्रयोगशाळेत सापडला. तो माणूस नव्हता, बुरशी होती. आणि ती बुरशी तापीकाठच्या केळीवाल्यांना फार आधीपासून माहीत आहे, पण वैरी म्हणून.

ही गोष्ट ज्या संशोधकांनी घडवली, त्यांना एकच विषय येत असता तर ती घडलीच नसती. जीवशास्त्र, अभियांत्रिकी आणि नॅनोतंत्रज्ञान जिथे एकमेकांना भेटतात, तिथे काम करणारा माणूस कसा तयार होतो, हा या प्रकरणाचा विषय आहे. बऱ्हाणपूरच्या राजपुऱ्यात राहून बी.एस्सी. करणारा मुलगा किंवा मुलगी डोळ्यांसमोर ठेवून मी हे लिहीत आहे.

नॅनो म्हणजे किती

मीटरचे अब्ज भाग केले, तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. डीएनएच्या पिळाची रुंदी 2 नॅनोमीटर असते. रक्तातला हिमोग्लोबिनचा रेणू 5 ते 6 नॅनोमीटरचा. पेशीत प्रथिनं तयार करणारा रायबोसोम 20 ते 30 नॅनोमीटरचा. म्हणजे पेशीच्या कारखान्यातली सगळी अवजारं याच मापाची आहेत. माणसाने या मापाच्या वस्तू बनवायला घेतल्या, तेव्हा त्याने जीवसृष्टीच्या कारखान्यात पाऊल टाकलं. म्हणून नॅनोतंत्रज्ञान आणि जीवशास्त्र यांची गाठ पडली, ती टाळता येण्यासारखी नव्हती.

पदार्थ इतका लहान झाला की त्याची वागणूक बदलते. एक सेंटिमीटर बाजूचा चांदीचा घन घ्या. वजन तोळ्याहून थोडं कमी, आणि सहाही बाजू मिळून पृष्ठभाग 6 चौरस सेंटिमीटर. त्याच चांदीचे 10 नॅनोमीटर बाजूचे घन केले, तर सगळ्यांचा मिळून पृष्ठभाग 600 चौरस मीटर होतो. चांदी तेवढीच, पण बाहेरच्या जगाला भिडणारं तिचं अंग दहा लाख पटींनी वाढलं. जंतूंना मारण्याचा चांदीचा गुण मुख्यतः पृष्ठभागावरून सुटणाऱ्या आयनांमुळे, म्हणजे विद्युतभार असलेल्या अणूंमुळे, येतो, तेव्हा तो गुणही वाढतो. रंगसुद्धा बदलतो. पाण्यात तरंगणारे चांदीचे नॅनोकण पिवळट तपकिरी दिसतात आणि सोन्याचे माणकासारखे लाल.

कोविडच्या दिवसांत घरी आणलेल्या तपासणीच्या पट्टीवर जी लाल रेघ उमटायची, ती बहुतेक पट्ट्यांत सोन्याच्या नॅनोकणांचीच होती. आपण हे तंत्रज्ञान हातात धरलेलं आहे, फक्त त्याचं नाव आपल्याला ठाऊक नव्हतं.

पुण्यातला फ्लास्क

पुण्याच्या पाषाण रस्त्यावरची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा, म्हणजे एनसीएल, 1950 साली सुरू झाली. तिथे गेल्या शतकाच्या अखेरीस पदार्थ-रसायनाच्या विभागात मुरली शास्त्री काम करत होते आणि जीवरसायनाच्या विभागात अबसार अहमद. एकाचा विषय धातूंचे सूक्ष्म कण, दुसऱ्याचा विषय बुरशी. दोघांनी आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी मिळून एक साधा प्रश्न विचारला : बुरशीला धातूच्या क्षाराच्या द्रावणात ठेवलं, तर ती त्याचं काय करील?

2001 साली त्यांनी व्हर्टिसिलियम या बुरशीवरचं काम प्रसिद्ध केलं. कण तयार झाले होते, पण बुरशीच्या धाग्यांच्या आत अडकलेले. शास्त्र म्हणून हा शोध मोठा होता, पण वापरायला अवघड. कण हवे असतील तर पेशी फोडा, गाळा, धुवा. इथे अभियंत्याचा प्रश्न उभा राहतो : माल कारखान्याबाहेर आपोआप येईल अशी व्यवस्था कुठे आहे का?

ती व्यवस्था फ्युजेरियम ऑक्सिस्पोरम या बुरशीत सापडली. ही बुरशी आपली विकरं, म्हणजे एन्झाइम्स, भोवतालच्या पाण्यात सोडते. तिच्या सान्निध्यात चांदीचे आयन पाण्यातच इलेक्ट्रॉन घेऊन चांदी होतात, अणूंना अणू चिकटून कण बनतो आणि बुरशीनेच सोडलेली प्रथिनं त्या कणावर आवरण घालतात. त्यामुळे कण एकमेकांना चिकटून गाळ होत नाही. 2003 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात कणांचा आकार 5 ते 15 नॅनोमीटर दिला आहे. 10 नॅनोमीटरच्या एका गोल कणात चांदीचे साधारण 30,000 अणू मावतात. फ्लास्कमधलं रंगहीन पाणी काही तासांनी तपकिरी होतं, एवढीच या कारागिरीची डोळ्यांना दिसणारी खूण.

पुढच्याच वर्षी, 2004 साली, याच गटाने गवती चहाचा अर्क सोन्याच्या क्षारात घालून सोन्याचे त्रिकोणी चपटे नॅनोकण मिळवले, आणि तो निबंध 'नेचर मटेरियल्स' या नियतकालिकात आला. ज्या पातीने आपण पावसाळ्यात चहाला वास आणतो, तिच्या रसात सोन्याला त्रिकोणी घडवण्याची ताकद आहे, हे पुण्यातून जगाला कळलं.

आता केळीकडे या. केळीच्या बागेत खालची पानं कडेने पिवळी पडून देठाशी मोडतात, खोड कापलं तर आत तपकिरी रेषा दिसतात, आणि झाड उभ्या पाण्यात तहानेने मरतं. हा पनामा किंवा मर रोग. तोही फ्युजेरियम ऑक्सिस्पोरमच करते. या एका जातीत अनेक प्रकार आहेत आणि केळीवर येणारा त्यातला एक. ती मुळांतून शिरते आणि पाणी वाहून नेणाऱ्या नळ्या बंद करते. जमिनीत ती दशकानुदशकं टिकते. विसाव्या शतकाच्या मध्यात तिने मध्य अमेरिकेतली ग्रो मिशेल ही केळी बाजारातून घालवली, आणि तिच्या जागी कॅव्हेंडिश गटाची केळी आली. आपली बसराई, श्रीमंती आणि ग्रँड नैन त्याच गटातल्या. आता या गटालाही मारणारा टीआर-4 हा प्रकार निघाला आहे. भारतात बिहार, उत्तर प्रदेश, गुजरात आणि मध्य प्रदेशातून त्याच्या नोंदी झाल्या आहेत. 'एक जिल्हा, एक उत्पादन' योजनेत केळी निवडलेल्या बऱ्हाणपूरने ही गोष्ट गंभीरपणे घ्यायला हवी.

एकच बुरशी बागेत नळ्या बंद करते आणि फ्लास्कमध्ये चांदी घडवते. तिच्याकडे दोन्ही नजरांनी पाहता येणं, यालाच मी या क्षेत्राचं खरं शिक्षण म्हणतो.

एका फ्लास्कभोवती बसलेले विषय

हा प्रयोग करायला उतरलेल्या विद्यार्थ्याला काय काय यावं लागतं, ते क्रमाने पाहू.

पहिलं काम बुरशी वाढवण्याचं. माध्यम ऑटोक्लेव्हमध्ये निर्जंतुक करायचं, लॅमिनार फ्लोमध्ये बर्नरशेजारी हात न थरथरता लूप फिरवायचा, पेट्री डिशवर दुसरी कुठली बुरशी आली तर ती ओळखून टाकून द्यायची. हे सूक्ष्मजीवशास्त्र. ते पुस्तकातून येत नाही, हाताला वळण लागावं लागतं.

दुसरं काम रसायनाचं. चांदीच्या क्षाराचं प्रमाण किती, पाण्याचा सामू किती, तापमान किती. सोबत एका फ्लास्कमध्ये फक्त चांदीचा क्षार आणि दुसऱ्यात फक्त बुरशीचं पाणी ठेवायचं. हे दोन तुलनेचे फ्लास्क नसतील, तर तिसऱ्यातला तपकिरी रंग काहीच सिद्ध करत नाही.

तिसरं काम मोजमापाचं, आणि तिथे भौतिकशास्त्र येतं. आपल्याला दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी 400 ते 700 नॅनोमीटर. 10 नॅनोमीटरची वस्तू त्या प्रकाशात साध्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहता येत नाही. म्हणून इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक लागतो. चांदीचे कण 420 नॅनोमीटरच्या आसपासचा प्रकाश अधिक शोषतात, हे वर्णपटमापकावर दिसतं. क्ष-किरणांच्या विवर्तनावरून स्फटिकाची रचना कळते. प्रत्येक यंत्र काय दाखवतं, आणि काय दाखवू शकत नाही, हे विद्यार्थ्याला कळायलाच हवं.

चौथं काम अभियंत्याचं. 100 मिलीलिटरमध्ये जमलेलं 100 लिटरमध्ये जमेल का? टाकीत हवा सगळीकडे पोहोचेल का? कण दर वेळी त्याच मापाचे निघतील का? खर्च किती? उरलेल्या पाण्याचं काय करायचं?

ही चारही कामं एकच माणूस सारख्याच ताकदीने करू शकत नाही, आणि तशी अपेक्षाही नाही. अपेक्षा अशी आहे की एक काम त्याला खोलवर यावं, आणि उरलेली तीन करणाऱ्यांशी त्यांच्या भाषेत बोलता यावं. जीवशास्त्रज्ञाला 'नियंत्रण' म्हणजे तुलनेचा फ्लास्क वाटतो, अभियंत्याला 'नियंत्रण' म्हणजे यंत्राचा वेग आवरणारी व्यवस्था. शब्द एकच, अर्थ वेगळे. असे शब्द एकदा समोरासमोर बसून उलगडले नाहीत, तर वर्ष वाया जातं.

शिकवण्याची घडी कशी बसली

अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान प्रतिष्ठानाने 1990च्या दशकाच्या अखेरीस आंतरविद्याशाखीय पीएच.डी. विद्यार्थ्यांसाठी मोठा निधी द्यायला सुरुवात केली. बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात 2006 साली नॅनो-जैवतंत्रज्ञानाची स्वतंत्र संस्था उभी राहिली. या धाटणीच्या शिक्षणाचा गाभा साधा आहे. विद्यार्थ्याला दोन मार्गदर्शक, दोन वेगळ्या विभागांतले. आठवड्यातले काही दिवस एका प्रयोगशाळेत, काही दुसऱ्या. आणि आपलं काम दुसऱ्या विषयाच्या लोकांसमोर मांडून त्यांच्या प्रश्नांना उत्तरं देण्याचा नित्यनेम.

आपल्याकडे आयआयटी मुंबईने जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा अभ्यास 1980च्या दशकाच्या उत्तरार्धातच सुरू केला. तिथल्या एम.टेक.चं वैशिष्ट्य असं की एमबीबीएस झालेले डॉक्टर आणि अभियंते एकाच वर्गात बसतात. डॉक्टरला गणित आणि इलेक्ट्रॉनिक्स शिकावं लागतं, अभियंत्याला शरीरक्रियाशास्त्र. त्याच संस्थेत 2014 साली सुरू झालेल्या 'बेटिक' केंद्रात डॉक्टर, अभियंते आणि डिझायनर एकत्र बसून वैद्यकीय उपकरणं घडवतात. नागपूरची व्हीएनआयटी आणि पुण्याचं सीओईपीही त्या जाळ्यात आहेत.

केंद्र सरकारने 2007 साली 1,000 कोटी रुपयांचं 'नॅनो मिशन' हाती घेतलं. सी. एन. आर. राव यांच्याकडे त्याच्या परिषदेची धुरा होती. संशोधनाच्या जोडीने नॅनोविज्ञानाचे एम.एस्सी. आणि एम.टेक. अभ्यासक्रम सुरू करायला त्यातून मदत मिळाली.

पण सगळं मुंबई-पुण्यातच घडलं असं मानायचं कारण नाही. मेळघाटाच्या पलीकडे, संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठात, महेंद्र राय यांनी जैवतंत्रज्ञान विभागात बुरशीपासून नॅनोकण बनवण्याच्या अभ्यासाची परंपरा उभी केली. चांदीच्या नॅनोकणांच्या जंतुनाशक गुणांवरचा त्यांचा आणि त्यांच्या विद्यार्थ्यांचा 2009 सालचा आढावा जगभरच्या संशोधकांनी आधाराला घेतला. अमरावतीत बसून हे होतं, तर बऱ्हाणपूरच्या मुलांनी अंतराचं दडपण घ्यायला नको.

कापड, पाणी आणि जबाबदारी

बऱ्हाणपूरच्या यंत्रमागांशी या विषयाचं नातं थेट आहे. ब्राझीलमधल्या काम्पिनास विद्यापीठात नेल्सन दुरान यांच्या गटाने फ्युजेरियमने बनवलेली चांदी सुती कापडावर बसवली. त्या कापडावर जखमा चिघळवणारे स्टॅफिलोकॉकस जंतू वाढले नाहीत. 2007 साली प्रसिद्ध झालेल्या त्या कामातली मला सगळ्यांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट पुढची आहे. कापड धुतल्यावर पाण्यात चांदी उतरते, हे लक्षात घेऊन त्यांनी त्या सांडपाण्यावर दुसऱ्या एका जीवाणूने प्रक्रिया करून पाहिली. माल बनवतानाच सांडपाण्याचा विचार केला.

हा विचार का हवा, ते 2008 साली अमेरिकेतल्या अॅरिझोनातून कळलं. तिथल्या संशोधकांनी बाजारातले चांदी लावलेले मोजे धुऊन पाहिले, तर काही मोज्यांतली चांदी धुण्याच्या पाण्यात उतरली. चांदी वाईट जंतू आणि उपयोगी जंतू असा भेद करत नाही. रंगाईचं आणि सायझिंगचं पाणी शेवटी नदीलाच मिळतं. उद्या कुणी आपल्या मागांवर चांदीचं कापड काढायचं म्हणेल, तेव्हा तापीच्या पाण्याचं काय, हा प्रश्न पहिल्या दिवशी विचारणारा माणूस त्या खोलीत असायला हवा.

पुण्याच्या मुरली शास्त्रींनी पुढे टाटा केमिकल्समध्ये काम केलं. त्या कंपनीचं 'टाटा स्वच्छ' हे जलशुद्धीकरण यंत्र 2009 साली आलं, हजार रुपयांच्या आत, विजेशिवाय चालणारं. त्यात भाताच्या तुसाच्या राखेवर चांदीचे नॅनोकण बसवलेले होते. ही चांदी बुरशीने केलेली नव्हती, पण प्रयोगशाळेतलं ज्ञान गरिबाच्या माठाशेजारी कसं जाऊन बसतं, याचं ते उदाहरण आहे.

उलट बाजूही सांगायला हवी. 2021 साली इफ्कोने नॅनो युरिया बाजारात आणला. अर्ध्या लिटरची बाटली 45 किलोच्या गोणीचं काम करते, असा दावा झाला. त्या दाव्यावर देशातल्या आणि परदेशातल्या शास्त्रज्ञांनी आक्षेप घेतले, आणि वाद अजून मिटलेला नाही. अशा वेळी शेतकऱ्याला कुणाचं ऐकावं कळत नाही. पिकाचं शरीर जाणणारा, कणाचं माप घेऊ शकणारा आणि शेतावरच्या चाचणीचं गणित तपासणारा माणूस गावाजवळ असेल, तरच त्याला खरं उत्तर मिळेल. 'नॅनो' हा शब्द बाटलीवर छापणं सोपं आहे. त्या शब्दामागचा पुरावा तपासता येणं, हे शिक्षणाचं फळ आहे.

राजपुऱ्यातून निघताना

आता थोडं व्यवहाराचं. पदवीलाच तीन विषयांचं जोडनाव असलेला अभ्यासक्रम शोधत बसू नका. आधी एक विषय पक्का करा : सूक्ष्मजीवशास्त्र, रसायन, भौतिक किंवा अभियांत्रिकीची एखादी शाखा. दोन मुलखांच्या सीमेवर घर बांधायचं तर एका मुलखात पाया लागतो. गणित मात्र कुणीही सोडू नये. जीवशास्त्राकडे वळताना ते सोडून देण्याची आपल्याकडची सवय पुढे फार जड जाते.

पुढच्या दारांची नावं लक्षात ठेवा. एम.एस्सी.साठी 'जॅम' आणि जैवतंत्रज्ञानासाठी 'गॅट-बी'. एम.टेक.साठी 'गेट', ज्यात जैवतंत्रज्ञान, जीवविज्ञान आणि 2020 पासून जैववैद्यकीय अभियांत्रिकी असे पेपर आहेत. पीएच.डी.साठी 'नेट'. ती जेआरएफसह उत्तीर्ण झालात, तर 2023 पासूनच्या दराने महिना 37,000 रुपये विद्यावृत्ती मिळते. घरच्यांना हे आवर्जून सांगा. संशोधन म्हणजे आणखी पाच वर्षं बापाच्या खिशातून, हा समज अनेक मुलींची वाट अडवतो.

यंत्रं आपल्या कॉलेजात नाहीत, म्हणूनही अडून राहू नका. आयआयटी मुंबईतलं विश्लेषण-उपकरणांचं केंद्र, 'सैफ', बाहेरच्या विद्यार्थ्यांचे नमुने शुल्क घेऊन तपासतं. देशभरातली कोणती यंत्रं कुठे वापरायला मिळतात, हे 2020 साली सुरू झालेल्या 'आय-स्टेम' या सरकारी व्यवस्थेत पाहता येतं. एका बाजूला भुसावळच्या पुढे जळगावचं कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ आहे, जिथे जीवशास्त्र, रसायन, भौतिक आणि रासायनिक तंत्रज्ञान एकाच आवारात आहेत. दुसऱ्या बाजूला इंदूरला आयआयटी आहे, जिथे जैवविज्ञान आणि जैववैद्यकीय अभियांत्रिकीचा एकत्र विभाग आहे.

आणि एक भांडवल तुमच्याकडे आधीपासून आहे. बऱ्हाणपूरचं मूल घरात मराठी बोलतं, बाजारात हिंदी, आणि मागाच्या कारखान्यात उर्दू कानावर घेत वाढतं. समोरचा कोण आहे ते पाहून आपली भाषा बदलणं, आणि तरीही आपली न विसरणं, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. विषयांच्या सीमेवर काम करायला नेमकी हीच सवय लागते.

संशोधनाचा प्रश्नही दूर शोधायला नको. कोविडच्या पट्टीसारखी एक पट्टी केळीसाठी हवी आहे. बागेत झाडाचा रस थेंबभर टाकला की टीआर-4 आहे की नाही, हे शेतकऱ्याला तिथेच कळावं, झाड पिवळं पडण्याच्या आधी. त्यासाठी त्या बुरशीची नेमकी खूण ओळखणारा जीवशास्त्रज्ञ लागेल. त्या खुणेला चिकटणारा सोन्याचा नॅनोकण घडवणारा रसायनज्ञ लागेल. आणि मे महिन्याच्या उन्हात, मातीच्या हातांनीही चालेल अशी पट्टी बनवणारा अभियंता लागेल. एम.एस्सी.च्या प्रकल्पापासून पीएच.डी.पर्यंत पुरेल एवढं हे काम आहे, आणि त्याची गरज तुमच्या घरापासून काही किलोमीटरवर उभी आहे.

या बुरशीकडून चांदी घडवून घेणारे विद्यार्थी पुण्यात तयार झाले. तिला केळीच्या बागेबाहेर रोखणारा विद्यार्थी बऱ्हाणपुरातून निघावा.